मेयो ग्रामस्थ मंडळ, न्यूयॉर्क

लेकीच्या शाळेचा बँड न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स डे परेडमध्ये चालणार, हे आम्हाला नोव्हेंबरातच कळलं. पालकसभेत बँडमास्तरांनी भिंतीवर नकाशा टाकून सगळं समजावलं. फिफ्थ ॲव्हेन्यू, 44व्या रस्त्यापासून 79व्या रस्त्यापर्यंत, नाकासमोर उत्तरेला. 35 चौक, पावणेदोन मैल. कुणाला काही शंका? मी हात वर केला आणि विचारलं, "मुलांच्या बाथरूमची सोय काय?" बाकीचे पालक हसले. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही शॅपरोन म्हणून याल का?"

शॅपरोन म्हणजे बँडच्या कडेकडेने चालणारे पालक. वाजवायचं काही नाही, मिरवायचंही नाही. काळी पँट, काळे बूट आणि बँडचं जाकीट घालून पाणी पाजायचं, सुटलेलं बांधायचं, पडलेलं उचलायचं. आणि चालताना फोटो काढायचे नाहीत. ही शेवटची अट मास्तरांनी दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

न्यू जर्सीत तेरा वर्षं काढूनही मी ही परेड कधी पाहिली नव्हती. पाहावीशीही वाटली नव्हती. सेंट पॅट्रिक, म्हणजे आयरिश लोकांचा संत, म्हटलं की मला आठवायचं ते हिरव्या चमचमत्या टोप्या घालून दुपारी बारालाच झिंगलेलं पोरांचं टोळकं, हिरवी बिअर आणि ऑफिसच्या किचनमध्ये कुणीतरी आणून ठेवलेले हिरवे डोनट. मी मालवणकडची, शिमग्यात वाढलेली. हा यांचा शिमगा, फक्त बिनपालखीचा, असं मी चारचौघांत ठासून सांगायचे.

जानेवारीपासून शाळेच्या पार्किंगमध्ये तालीम सुरू झाली. उभं राहून वाजवणं वेगळं आणि चालत वाजवणं वेगळं. पाच यार्डांत आठ पावलं, ना एक कमी ना एक जास्त. बर्फ पडला की जिममध्ये गोल गोल. आमची कन्या क्लॅरिनेटवाली. घरी तिची लाकडी आहे, पण लाकडी क्लॅरिनेट थंडीत तडकते, म्हणून परेडला शाळेची प्लास्टिकची. थंडीने सूरही उतरतो. मग वाजवायची वेळ येईपर्यंत मुलं वाद्यात नुसतीच फुंकर घालत राहतात, आतली हवा गरम राहावी म्हणून. दुरून बघितलं तर वीसेक जणी चुली फुंकताहेत असं वाटतं.

माझ्या पिशवीची यादी जुन्या शॅपरोन बाईंनी करून दिली होती. सेफ्टी पिना, तीन मापांचे काळे मोजे, क्लॅरिनेटच्या जादा पत्त्या, बँडेज, केसांना लावायचे चाप, कचऱ्याच्या पिशव्या, लांब नळीच्या पाण्याच्या बाटल्या (मुलांचे हात वाद्यावर असतात, पाणी आपण तोंडात सोडायचं) आणि काळ्या इन्सुलेशन टेपचं अख्खं रीळ. "टेप कशाला?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कळेल."

17 मार्च ही पॅट्रिकची पुण्यतिथी. त्या वर्षी, म्हणजे 2024 साली, ती रविवारी येत होती. रविवारी परेड काढायची नाही असा रिवाज, तो वार चर्चचा. म्हणून परेड शनिवारी, 16 तारखेला. ही 263वी परेड. पहिली 1762 साली निघाली, म्हणजे अमेरिका नावाचा देश जन्माला यायच्या 14 वर्षं आधी. ती काढली होती ब्रिटिश फौजेतल्या आयरिश शिपायांनी आणि इथे येऊन राहिलेल्या त्यांच्या गाववाल्यांनी. हे सगळं मास्तरांनी बसमध्ये माइकवरून सांगितलं. मुलांपैकी कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. ती कानात बोंडं घालून बसली होती.

बसने आम्हाला भलत्याच चौकात उतरवलं आणि पळाली. पोलीस तिला क्षणभर उभं राहू देत नव्हते. ड्रम, ट्युबा वगैरे आणणारा ट्रक आणखी दोन चौक पुढे. ती सगळी वरात घेऊन आम्ही गर्दीतून वाट काढत 46व्या रस्त्यावर पोहोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. परेडची फिफ्थ ॲव्हेन्यूवर सुरुवात अकरालाच झालेली असते, पण त्यात सामील होणारी पथकं आधी आजूबाजूच्या आडव्या रस्त्यांमध्ये, 44 ते 48च्या दरम्यान, कोंबून ठेवतात. एकेकाचा नंबर आला की बाहेर सोडतात. आमचा नंबर पावणेएकला होता. प्रत्यक्षात आम्ही हललो तेव्हा दोन पस्तीस झाले होते.

ते दोन तास वीस मिनिटं हीच माझ्या मते खरी परेड.

फिफ्थ ॲव्हेन्यूवर झकास ऊन होतं. आडव्या रस्त्यात मात्र दोन्ही बाजूंच्या इमारतींनी ऊन खाऊन टाकलेलं, विहिरीच्या तळाशी असतो तसा गारठा. आमच्या पुढे कुठल्याशा गावच्या अग्निशमन दलाचं बॅगपाइप पथक उभं होतं. मागे आणखी एक पाइपवाले, त्यांचे किल्ट, म्हणजे पुरुषांचे गुडघ्यापर्यंतचे घागरे, बिनचौकड्यांचे, एकरंगी केशरी. स्कॉटिश लोक चौकड्यांचे घालतात आणि आयरिश पथकं पुष्कळदा असे केशरी, हे मला तिथे कळलं. आपल्या डोळ्याला तो रंग मिरवणुकीत दिसला की बरं वाटतं, उगाच कशाला नाकारा. पाइपवाले सूर जुळवत होते. त्या वाद्याला सूर धरून ठेवणाऱ्या तीन नळ्या खांद्यावर असतात. देवळात एक सनईवाला वाजवतो आणि दुसरा गाल फुगवून नुसता सूर देतो, तो दुसरा माणूस यांनी वाद्यातच बसवून टाकलाय. असे वीस पाइप दोन इमारतींच्या मध्ये एकदम सुरू झाले की छातीत घरघरतं. आमच्या क्लॅरिनेटवाल्यांनी कानांवर हात ठेवले.

आणि आमच्या शेजारी, फुटपाथला लागून, एक झालरवाला मोठा फलक. दोन उंच काठ्यांवर ताणलेला, वारा भरू नये म्हणून चार कोपऱ्यांना दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांची टोकं धरून उभी असलेली लहान पोरं. त्यावर लिहिलेलं: काउंटी मेयो, म्हणजे आयर्लंडमधला मेयो जिल्हा. फलकामागे पन्नाससाठ माणसं. बहुतेक सगळी साठीच्या पुढची, खांद्यावरून तिरका पट्टा, पुरुष कोटात, बायका चांगल्या ओव्हरकोटात. चमचमती टोपी एकाच्याही डोक्यावर नाही. कोटाच्या कॉलरला खरीखुरी तीन पानांची हिरवी जुडी, टाचणीने लावलेली. एक गृहस्थ हातातल्या कागदावर नावांपुढे खुणा करत रांगेतून फिरत होते. पेन कानावर. मध्येच थांबून कुणाला तरी विचारत, अमका आला का? तो अजून आलेला नसायचा. गृहस्थ मान हलवून पुढच्या नावाकडे वळायचे.

हा माणूस मी लहानपणापासून ओळखते. हे आमचे बाबा.

बाबा परळला गिरणीत होते. आमच्या गावचं ग्रामस्थ मंडळ होतं, नावापुढे कंसात (मुंबई) आणि त्याच्या पुढे 'रजि.'. त्याचे ते बावीस वर्षं खजिनदार. मंडळाची चाळीत एक खोली होती. गावाहून नोकरीसाठी आलेला मुलगा आधी त्या खोलीत यायचा. तीन पाळ्यांची माणसं पाळीपाळीने तिथे झोपायची, गाद्या थंड व्हायच्या नाहीत. कुणी वारलं तर पुढचं सगळं मंडळ बघायचं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सभा, आणि सभेत नव्वद टक्के वेळ एकच विषय: वर्गणी कोणी दिली नाही. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार मुंबईत बसून ठरायचा आणि त्यावरून भांडणंही मुंबईतच व्हायची. गणपतीच्या किंवा शिमग्याच्या निमित्ताने गावी जाणाऱ्या गाडीवर पुढे फलक लावायचा, त्यावर गावाचं नाव ठसठशीत.

मेयो, केरी, स्लायगो, लेट्रिम, डोनेगॉल... आयर्लंडच्या 32 काउंट्या, त्यातल्या 26 प्रजासत्ताकात आणि 6 उत्तरेत ब्रिटनकडे. न्यूयॉर्कमध्ये या काउंट्यांच्या नावाने शंभराहून जास्त वर्षं मंडळं चालत आली आहेत. 1845 ते 49च्या दुष्काळात बटाट्याचं पीक कुजलं, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्यातली असंख्य या बंदरात उतरली. नंतरही पिढ्यान्‌पिढ्या लोक येतच राहिले. आलेल्याला काम आणि खोली बघून द्यायची, आजारात हातभार लावायचा, मेल्यावर मातीचा खर्च करायचा: ही त्या मंडळांची कामं. मला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. पट्टा, फलक आणि कागदावर खुणा करणारा माणूस बघितल्यावर बाकीचं आपोआप कळलं. शिमग्यात पालखी कुठे असते ते मी भलतीकडेच शोधत होते.

रांगेत एक आजी घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. थर्मास उघडून त्यांनी झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला. दुधाचा, कडक, आपल्याला चालेल असा. मी एका घोटात संपवला. त्यांनी विचारलं, कुठली? मी नेहमीचं उत्तर दिलं: न्यू जर्सी, मूळची इंडिया. आजींनी हात झटकला. ते माहीत आहे, इंडियात कुठे? मुंबईजवळ. जवळ म्हणजे कुठे? गोव्याच्या वर, समुद्राला लागून. गावाचं नाव काय?

अमेरिकेत तेरा वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. गाव खयचा, वाडी खयची, खुद्द मालवणी माणसासारखं. मी नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, दुसऱ्यांदा बरंच बरोबर आलं. मग स्वतःच्या गावाचं नाव सांगितलं, नुसतं गाव नाही तर पॅरिश, म्हणजे चर्चचा इलाखासुद्धा. 1961 साली एकोणिसाव्या वर्षी आल्या. आधी लोकांकडे घरकाम, मग एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये तीस वर्षं. राहतात क्वीन्समध्ये, वुडसाइडला. पूर्वी तो अख्खा भाग आयरिश होता. "आता आलं घ्यायला तुमच्या लोकांकडे जॅक्सन हाइट्सला येते," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, आलं कुठे चांगलं मिळतं एवढीच माहिती.

मेयोमध्ये क्रोघ पॅट्रिक नावाचा डोंगर आहे. पॅट्रिकने तिथे 40 दिवस उपास केला असं मानतात. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक तो चढतात, काही अनवाणी. आजी आईबरोबर चढल्या होत्या, अनवाणी. "दगड असे," म्हणून त्यांनी बोटांनी दाखवलं, धारदार. कॉलरवरच्या शॅमरॉकचंही त्यांनीच सांगितलं. पॅट्रिक मूळचा आयरिश नव्हताच. ब्रिटनमधून सोळाव्या वर्षी गुलाम म्हणून पळवून आणलेला, सहा वर्षं गुरंमेंढरं राखली, पळून गेला आणि पुढे धर्म सांगायला आपणहून परत आला. एका देठावर तीन पानं दाखवून त्याने त्रिमूर्ती, म्हणजे त्यांचा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, समजावली अशी आख्यायिका. मी म्हटलं, आमच्याकडे बेलाचं पान असंच त्रिदळ, शंकराला वाहतात. आजींनी विचार केला आणि म्हणाल्या, "मग त्याला तुमच्याकडे सोपं गेलं असतं."

मग साहजिकच लिओ वराडकरांचा विषय निघाला. म्हणजे मीच काढला. न काढून कसं चालेल? आयर्लंडचे पंतप्रधान, त्यांच्या भाषेत टीशक, त्या वेळी तेच होते. त्यांचे वडील डॉक्टर अशोक वराडकर, मूळ गाव वराड, तालुका मालवण. आमच्या गावापासून एसटीने फार लांब नाही. 2019च्या डिसेंबरात लिओ स्वतः वराडला येऊन गेले तेव्हा बाबा बघायला गेले होते. गर्दीत मागे उभे राहिले, दिसलं काहीच नाही, पण घरी येऊन "उंच आसा हां" एवढं सांगितलं. मी हे सगळं आजींना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "उंच आहे, हे खरं." राजकारणाबद्दल त्यांचं मत वेगळं असावं, कारण त्यांनी लगेच ब्रेडचा विषय काढला.

फॉइलमधून त्यांनी सोडा ब्रेडचे तुकडे काढले. यीस्ट नाही, सोडा, ताक आणि पीठ. वरून चाकूने फुलीसारखी चीर. आत बेदाणे आणि शहाजिऱ्यासारखे दाणे. "बेदाणे अमेरिकेतले," आजी म्हणाल्या. "आमच्या घरी असले लाड नव्हते." मी एक तुकडा खाल्ला, एक लेकीसाठी जाकिटाच्या खिशात ठेवला.

आता बाथरूम. दीड वाजता पहिला हात वर झाला, पाठोपाठ सहा. कोपऱ्यावरच्या एका हॉटेलात मी गेले तर दारावरच्या माणसाने माझ्या जाकिटाकडे बघूनच मान हलवली. खोलीची किल्ली दाखवा. दोन दुकानांत तेच. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलेलं. तालमीत तीन महिने गेले, नकाशा भिंतीवर टाकून झाला, पण हा प्रश्न नोव्हेंबरापासून होता तिथेच होता. मी परत आले आणि आजींना म्हटलं, काय करू? त्यांनी खुर्चीतूनच हाक मारली. कागदवाले गृहस्थ आले. त्यांनी फोन लावला. दोन गल्ल्या सोडून एक पब होता, तिथला बारमन यांच्या पलीकडच्या गावचा, कुणाच्या तरी बहिणीच्या दिराचा मुलगा. समोरच्या दारावर हिरव्या टोप्यांची रांग रस्त्यापर्यंत. आम्हाला मागच्या दाराने, किचनमधून आत घेतलं. सात मुलं, गणवेशात, पिसाच्या टोप्या काखेत मारून, वाफाळत्या पातेल्यांच्या मधून एकामागून एक.

किचनभर उकडलेल्या कोबीचा आणि खारवलेल्या गोमांसाचा वास. सेंट पॅट्रिकच्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये हेच जेवण. परत आल्यावर आजींना सांगितलं तर म्हणाल्या, हेही इथलंच. त्यांच्या घरी सणाला असायचं ते डुकराचं खारवलेलं मांस. गरीब आयरिश इथे आले तेव्हा शेजारच्या यहुदी खाटकांकडे खारवलेलं गोमांस स्वस्त मिळायचं, ते पातेल्यात पडलं आणि सणाचं होऊन बसलं. मला चाकरमान्यांच्या खोलीतलं जेवण आठवलं. मुंबईत नारळ जपून वापरायचा म्हणून आई वाटणात भाजलेला कांदा जास्त घालायची, आणि आता मला तीच चव खरी वाटते.

पबातून परत आलो तर ट्रोम्बोनवाल्या एका मुलाच्या बुटाचा तळ उघडा. शाळेच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बुटांचा गोंद भुगा होतो आणि बरोबर परेडच्या दिवशी तळ जीभ बाहेर काढतो. मी रस्त्यावर मांडी घालून बसले, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि काळी टेप गुंडाळली, पुढून सहा वेढे, टाचेकडून चार. वर मेयोच्या एका आजोबांनी उभं राहून सूचना दिल्या. त्यांनी आयुष्यभर बांधकामावर काम केलेलं, टेप तिरकी ओढ म्हणाले. ती तिरकी ओढलेली टिकली.

दोन पस्तीसला आमचा नंबर आला. मेयोवाले आधीच गेले होते. आजी खुर्ची घडी करून, नातवाच्या दंडाला धरून, ताठ चालत गेल्या. कोपऱ्यावर त्यांचा फलक उन्हात शिरला तेव्हा दोऱ्या धरलेली पोरं एकदम ओढली गेली, कारण ॲव्हेन्यूवर वारा होता.

मग आम्ही. 46 ते 79, म्हणजे दोन चौक वाचलेच. वळण घेऊन बाहेर पडताच ऊन अंगावर आलं आणि आवाजही. दोन्ही बाजूंना बॅरिकेड, त्यामागे पाच-सहा रांगा माणसं. या परेडमध्ये चित्ररथ नसतात, सजवलेल्या गाड्या नसतात, सगळं पायी. त्यामुळे बघणाऱ्यांनाही माणसंच बघावी लागतात. आमच्या पुढे दूरवर एक फलक हलत होता, 'इंग्लंड, आयर्लंडमधून चालतं व्हा' असा. तो दर वर्षी असतोच म्हणे. टिळकांनी 1916 साली बेळगावात होमरूल लीग काढली ती कल्पना आयर्लंडकडून आली, हे शाळेत परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता त्या भांडणाचा उरलेला तुकडा माझ्यापुढे दीडशे पावलांवर चालत होता.

50व्या रस्त्यावर उजव्या हाताला सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल. "ते आमच्या मोलकरणींनी बांधलंय," असं आजींनी मघाशी सांगून ठेवलं होतं. आर्चबिशप ह्यूज, स्वतः टायरोन काउंटीतून आलेला आणि तरुणपणी माळीकाम केलेला माणूस. त्याने 1858 साली पायाभरणी केली, तेव्हा शहराबाहेर एवढं मोठं चर्च कशाला म्हणून लोक हसले होते. श्रीमंतांनी मोठ्या रकमा दिल्या, त्याचबरोबर घरकाम करणाऱ्या आयरिश पोरींची चिल्लरही त्यात गेली. 1879 साली ते उघडलं. आता त्याच्याभोवती काचेच्या इमारती उभ्या राहिल्यात आणि ते दगडी चर्च त्यांच्यात बसकं वाटतं. पायऱ्यांशी हिरव्या गर्दीत एक लाल टोपी दिसली, कार्डिनल असावेत. ड्रमवाल्याने इशारा दिला, बँडने चाल धरली, आणि सगळी मुलं पुढे बघत त्या पायऱ्यांसमोरून गेली. लेक माझ्यापासून सहा फुटांवर. तिच्या हनुवटीचा पट्टा ओठाखाली रुतलेला, डाव्या गालावर उन्हाची तिरीप. फोन माझ्या खिशात. मास्तर मागे वळून बघत नव्हते. तरी नाही काढला.

57व्या रस्त्यानंतर टेपचा पहिला वेढा सुटला. मुलगा प्रत्येक पावलाला फट्‌ असा आवाज करत चालला, पण ठेक्यात. मी दोनदा वाकून तुटका भाग ओढून काढला. 59नंतर डावीकडे सेंट्रल पार्क आणि उजवीकडे श्रीमंतांची घरं. गर्दी एकदम पातळ होते. ओठ दमले होते, नुसत्या ड्रमच्या कडेवर टक टक करत चालणं सुरू झालं. साठीच्या रस्त्यांत मान्यवरांचा मंडप होता, तिथे पुन्हा एकदा सगळं लावून वाजवलं. त्यानंतर 70, 71, 72. कुणी बोलत नव्हतं. एका झाडाखाली एक म्हातारं जोडपं, एक छोटा झेंडा, हिरवा-पांढरा-केशरी. आपल्याच झेंड्याचे रंग, उभे करून लावलेले. मी त्यांना हात केला, त्यांनीही केला.

79ला पोलिसाने उजवीकडे वळायची खूण केली आणि वीस पावलांत बँडचं रूपांतर पुन्हा शाळेच्या मुलांत झालं. टोप्या काढल्या, केस चिकटलेले. मी डोकी मोजली, 57 भरली. एक कमी. पुन्हा मोजली. कमी असलेलं डोकं माझ्याच मुलीचं होतं. ती माझ्या मागे उभी होती.

"फोटो काढलास?"

"नाही."

"थँक गॉड," ती म्हणाली आणि माझ्या खिशातून सोडा ब्रेड काढून खाल्ला. तो चपटा झाला होता.

रविवारी टीव्हीवर वराडकरांनी व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष बायडन यांना काचेच्या वाडग्यातून शॅमरॉक दिला, ती दर वर्षीची रीत. आणि बुधवारी, 20 मार्चला, त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. त्या रात्री बाबांचा फोन आला. ते आता गावीच असतात.

"वराडकरान राजीनामो दिल्यान मा?"

मी म्हटलं, हो. राजीनाम्याचं कारण त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मग मी त्यांना 46व्या रस्त्याबद्दल सांगितलं. फलक, झालर, दोऱ्या धरलेली पोरं, खोलीची आणि मातीची कामं, कानावर पेन ठेवून खुणा करणारा माणूस. पब आणि मागचं दार. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत, म्हणून मला वाटलं फोन कट झाला.

"बाबा?"

"आयकतंय," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "त्येंची वर्गणी येळेर येता काय गो?"

मी हे आजींना खरोखर विचारलं होतं. त्या हसल्या होत्या, आणि कागदवाल्या गृहस्थांनी पेन कानावरून काढून तीन नावं मोठ्याने वाचून दाखवली होती.

"नाय येत," मी म्हटलं.

"नाय मा?" बाबा म्हणाले, आणि फोनवर सुद्धा कळलं की ते खुर्चीत मागे रेलून बसले.